पन्नाशीपुढची नावं

दादा,

रोजगार कार्यालयाच्या खिडकीवर तू म्हणालास म्हणे, "या खात्याची सचिव माझी धाकटी बहीण आहे." कारकून म्हणाला, "काका, माझी मावशी महाराणी आहे. चला, पुढचा कोण?"

हा किस्सा खात्यात फिरत माझ्यापर्यंत आला. मीही हसले. मग सहज, बेकारांच्या नोंदणीतून वगळलेल्यांची यादी उघडली, तर वेल्डर, वय एकावन्न, तू!

मंत्र्यांना बेकारांचा आकडा कमी हवा होता, म्हणून पन्नाशीपुढची नावं उडवली. मी दमले होते. यादी न वाचताच आदेशावर सही ठोकली.

आदेश मागे घेण्याची टिप्पणी लिहायला बसले आणि हेच लिहीत राहिले. हे पत्र पाठवायचं धाडस नाही. पण आज वाचून सही केलेला हा पहिलाच कागद.

तुझी,
छोटी