मुलगा पाहायला चार दिवस होडीत

राजपुरी,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

होडीत बसायला खुर्ची असते असं तू म्हणाला होतास. खुर्ची नाही. एक फळी आहे, आणि तिला माझ्या हाडांची दयामाया नाही.

चि. श्यामकांत यास अ. आ., सौ. रोहिणीसही.

फोन करू नकोस. फोनवर तू मधे बोलतोस. मी वहीच्या पानावर लिहीन, तुझी राजसी फोटो काढून पाठवेल. तूही पेनाने लिही. राजसी हे वाचणार, वाचू दे. माझी चौथी झालेली, मला पोटात ठेवून लिहिता येत नाही.

मुलगा पाहिला. समीर उंचीला बरा, बोलायला कमी. तू दिलेला तक्ता पिशवीत आहे. फॅक्टरीत माल तपासतोस तशी चौदा कलमं आणि पुढे पास-नापासचे चौकोन! मेल्या, तुझी लेक लग्न करतेय, बोल्ट नाही विकत घेत. अंबरनाथची पगाराची नोकरी सोडून त्याने गावी बापाची शिडाची होडी धरली, पाहुण्यांना किनाऱ्याने फिरवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात विचारायचं काय? चार दिवस त्याच्या होडीत बसून बघते. आई हो म्हणाली तर मी हो, हे तू राजसीसमोर बोललायस. विसरू नकोस.

सकाळी जंजिरा पाहिला. अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजाच दिसत नाही. वर तोफ एवढी मोठी, की तिच्यावर रोहिणी दुपारची झोप काढेल. पाण्यातसुद्धा टिकेल म्हणून अंबरनाथजवळच्या कॅम्प चारच्या सिंधी दुकानदाराने गळ्यात मारलेली चप्पल पहिल्याच लाटेला गेली. राजसी अजून हसतेय.

लोभ आहेच, मागायची गरज नाही.
आई


अंबरनाथ,
ता. १० फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रोहिणीने तोफेचं वाक्य दोनदा वाचलं, आणि आज आमटीत मीठ नाही.

आई, तू किल्ले बघायला गेलेली नाहीस. कलम अकरा विचार. पावसाळ्याचे चार महिने होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा हा काय करतो? माझा मुलावर राग नाही. पण राजसी एकुलती एक आहे, आणि वाऱ्याच्या भरवशावर मुलगी कशी द्यायची?

शिवमंदिराच्या गाभाऱ्यात उतरताना तू माझा हात धरतेस. तिथे होडीत चढताना कोणाचा धरतेस? जपून.

कृपा राहू दे, आणि तक्ता भर.
तुझा श्यामकांत


हर्णै,
ता. १२ फेब्रुवारी

चि. श्यामकांत यास अ. आ.

आज तो मला नाही म्हणाला. मला!

काल बाणकोटचा किल्ला चढले. आज शिडात मागून वारा भरला आणि दुपारी हर्णैला आलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, हाताच्या अंतरावर. तुझ्या वडिलांनी चाळीस वर्षं दाखवतो, दाखवतो म्हणून मला झुलवलं, तोच. मी म्हटलं, ने. समीर म्हणाला, आजी, आज नाही, खडकावर पाणी फुटतंय. मी म्हटलं, बाबा रे, तुझं लग्न माझ्या हातात आहे, एवढं ध्यानात ठेव. तर दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणतो कसा, लग्न मोडलं तरी चालेल, होडी आज लागणार नाही. राजसी खाली मान घालून नखं बघत होती.

आता त्याच्या आईकडे, अंजनाबाईंकडे उतरलोय. मी जेवले, पण रागाने जेवले.
आई


अंबरनाथ,
ता. १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. आईस सा. न.

मग संपलं. वडीलधाऱ्यांशी असं बोलणारा मुलगा नापास. राजसीला घेऊन उद्याच्या एसटीने निघ. तिला मी समजावीन.
श्यामकांत


हर्णै,
ता. १३ फेब्रुवारी

चि. श्यामकांत यास अ. आ.

एसटी तुझी तूच पकड. मी आज सुवर्णदुर्ग पाहून आले.

पहाटेच समीरने हाक मारली. पाणी कसं, ताटात ठेवल्यासारखं निपचित. गुडघाभर पाण्यात उतरले, हात त्याचाच धरला. दरवाजातल्या पायरीवर दगडाचं कासव आहे, भिंतीवर मारुती. दोघांना हात जोडले. परतताना त्याने बोट करून खडक दाखवला. काल दुपारी दुसरा एकजण पाहुण्यांच्या हट्टाला भुलून तिथे गेला होता. होडीचा तळ फाटला, माणसं छातीभर पाण्यातून भिजून परत आली. कोणाला फार लागलं नाही, देवाची कृपा. पण मला तर पोहताही येत नाही.

तुझं कलम अकरा मी विचारलंच नाही. अंजनाबाईंच्या पडवीत छपरापर्यंत शिडांच्या घड्या आहेत, पाच गावांतल्या. पावसाळाभर तो त्या शिवतो. टाके तुझ्या शर्टाच्या शिलाईपेक्षा सरळ आहेत.

आता ऐक. आपल्या घरात मला नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. तुझे वडील चाळीस वर्षं हो म्हणत राहिले आणि नेलं नाही. हा नाही म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. वाऱ्याच्या भरवशावर कोण देतंय पोरगी? वाऱ्याला नाही म्हणणाऱ्याला देतोय.

तक्त्यात मासळी बांधून अंजनाबाईंनी शेजारी दिली. चौकोन कोरेच होते.

माया आहे तशीच आहे, कमी झाली तर कळवीन.
आई

ता. क. मला उत्तर नको. अंजनाबाईंना हवं. ते रोहिणीने लिहायचं नाही, राजसीने नाही, फोनवर तर नाहीच. तू लिहायचंस, पेनाने, आजच.