धाकूच्या तलावाची पाहणी

६ नोव्हेंबर १९८९
समस्त कारकून जातीच्या वतीने मी निषेध नोंदवतो: मला मिळालेल्या खुर्चीला तीनच चाकं आहेत. चौथ्या जागी वीट. बाकी ठाण्याची बदली झकास. माजिवड्याला तळमजल्यावर जागा मिळाली, सुमतीने दारात तुळस लावली. काम बसल्या जागचं. दर बावीस दिवसांनी उपग्रहाचा फोटो येतो; त्यात झाडं लाल, पाणी काळं. खालून दिवा असलेल्या काचेवर तो ठेवायचा, भिंगातून बघत तलाव आणि भोवतालची जमीन ट्रेसिंगवर उतरवायची. खाली लिहायचं ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ आणि सही. जीपला डिझेल नसतं, म्हणून पाहणी सगळे खुर्चीतूनच करतात. मी विटेवरून.

२८ नोव्हेंबर
कोलशेतचा धाकूचा तलाव फोटोत काळाकुट्ट, बेडूकमाशासारखा, शेपटीसकट. शिवरामसाहेब म्हणाले, अहो, ढगाची सावली ती. बिल्डरच्या नकाशात तिथे कोरडी जमीन आहे, तुम्हीही कोरडीच दाखवा. मी म्हटलं, ढग कुठाय? ते म्हणाले, गडचिरोलीलाही खुर्च्या आहेत. दाखवली कोरडी. केली सही.

२० डिसेंबर
मंजुळा कोळीण सगळ्यांदेखत झापून गेली. तिचं घर त्या तलावातल्या मासळीवर चालतं आणि तिथे भरावाचे डंपर लागलेत. बाबा, बघाला तरी यायचंस, म्हणाली. आता कागदावर तरी परत काढ. काढतो म्हटलं. साहेबांसमोर धीर झाला नाही.
आजच्या फोटोत कोलशेतला काळं काही नाही. बोटभर दक्षिणेला, घोडबंदर रोडवर, तस्साच आकार. तीच शेपटी.

११ जानेवारी १९९०
साहेब म्हणतात, फोटो धुताना पडलेला डाग. डाग आणखी खाली सरकलाय. कापूरबावडी.
मंजुळेला कचेरीच्या फाटकाशी गाठून डाग सरकतोय ते सांगितलं. ती हसली नाही. तू त्याला बघाला आला नाहीस ना, म्हणाली, आता तोच तुला बघाला निंगालाय.

२ फेब्रुवारी
माजिवडा. आमची इमारत काळ्याच्या काठावर. घरी फरशी ओली. सुमती म्हणते, नळ गळतोय. नळाला तीन दिवस पाणी नाही — कपाटाखाली शेवाळं — मासळीचा वास —

२४ फेब्रुवारी
फोटो बघितला नाही. गरजच —
सुमतीला सकाळी माहेरी धाडलं. टेबलावर चढून बसलोय. पाणी टेबलाला लागलं. बाहेर रस्ता कोरडा, शेजारणीचे पापड वाळतायत.
ट्रेसिंग घरी आणलंय. ‘कोरडी’ खोडलं. तलाव जागच्या जागी काढला, शेपटीसकट. मंजुळे, तुझं एवढं देणं फिटलं.
खालची ओळ तेवढी राहिलीय. ‘प्रत्यक्ष पाहणी के