सुमतीचं ‘येते’

तंजावूर, शुक्रवार, १२ जानेवारी १९६२

आमची सुमती दोन वर्षांनी लंडनहून आली. आज जेवताना तिथल्या पहिल्या दिवसाची हकीकत सांगत होती. विमानतळावर न्यायला येणारे आलेच नाहीत. मग विचारत विचारत बस धरली, शहरात उतरून टॅक्सी केली आणि वसतिगृहाचं दार गाठलं. जिला मी कधी इथून जवळच्या तिरुवैयारूलाही एकटी धाडली नाही, ती ही पोर.

उतरताना टॅक्सीवाल्याला म्हणाली, “आय ॲम कमिंग.” आपल्यात निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? ‘येते’च म्हणायचं. तो बिचारा थंडीत थांबून राहिला. शेवटी वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, टॅक्सी तुझ्यासाठी उभी आहे.

शेजारच्या मामी हसून बेजार. सुमती म्हणाली, “अप्पा, मी दुसरं काय म्हणणार होते?”

मला हसू का आलं नाही? परक्या मुलखात, परक्या भाषेत, एकटी असूनही तिच्या तोंडून ‘जाते’ निघालं नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं.

आणि त्या टॅक्सीवाल्याचं तरी काय चुकलं? इथल्या स्टेशनावर ती मलाही ‘येते’च म्हणाली होती. मीही थांबलोच की.