पापणीचा केस

३ जून, बीड
आले आणि पहिल्याच दिवशी गाजले. शिकवणी वर्गात अंधश्रद्धेवर बोलले. मागच्या बाकांवरची पोरंही टाळ्या वाजवत होती. गावी, दिंद्रुडला, हे ऐकायला कोण होतं? खोली छान, हमीदाचाचींच्या घरी माडीवर. त्यांची लेक जिनत त्याच वर्गात मराठी शिकवते. तिच्या पापण्या इतक्या लांब की खाली पाहिलं तर गालावर सावली पडते. लई भित्री हाय, तिला बोलायला शिकवा, असं चाची म्हणाल्या. शिकवीन म्हटलं.

१९ जून
डाव्या डोळ्यात वाळू सलावी तसं होत होतं, म्हणून संभाजीनगरला दाखवलं. माझं शरीर माझ्याच डोळ्याला शत्रू समजून लढतंय, असं डॉक्टर म्हणाले. पापणीच्या आत व्रण धरतात, ती आखडते, केस आत वळून बुबुळ खरवडतात. आवरलं नाही तर पापणी डोळ्याला चिकटेल, नजर जाईल. उजव्यातही सुरुवात आहे. गोळ्यांनी रोग थांबेल, झालेले व्रण जाणार नाहीत.

२ जुलै
केस दवाखान्यातच काढायचे असतात. पण संभाजीनगर लांब आणि जिनतचा हात हलका. ती चिमट्याने केस काढते, पालथ्या हातावर ठेवते, डोळे मिटून काहीतरी मागते आणि फुंकते. मी हसले, यावर माझं अख्खं भाषण आहे म्हटलं. ती म्हणाली, "आयकलंय ना ताई. पण केस वाया कावून घालवायचा?"

२० जुलै
फळा धूसर दिसतो. माझा तास जिनतला दिला. पंधरा ऑगस्टचं भाषणही. आज तिचा तास खिडकीबाहेर उभी राहून ऐकला. वाक्यं माझी, हात उचलायचा ढंग माझा. टाळ्या तिला.
केस माझे, मागणं तिचं.

४ ऑगस्ट
आज एक केस तिच्या हातावरून उचलला आणि मीच फुंकला. तिचे डोळे मागितले. मी, जिने भोंदूंना भर सभेत उघडं पाडलं. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

११ ऑगस्ट
डाव्या डोळ्यातली सल गेली. व्रणही नाहीत. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं.
जिनत रजेवर. डोळे आलेत म्हणे.

१४ ऑगस्ट
डोळे आलेले नाहीत. तिची डावी पापणी आत वळली आहे— सगळी.
काय मागत होतीस, विचारलं. दर वेळी एकच, म्हणाली. ताईची बला माझ्यावर येऊ दे.
हसत सांगितलं. म्हणजे देण्यातही तीच वरचढ.

१५ ऑगस्ट, सकाळ
पोरं झेंड्यापाशी जमलीत. भाषणाला कुणीतरी हवं—
ती माझ्यापुढे मान वर करून बसली आहे. केस मी काढला. म्हणते, ताई, आता तुमी माझ्यासाठी मागा. डोळे मिटलेत. विश्वासाने.
केस माझ्या पालथ्या उजव्या हातावर. म्हणून डाव्याने लिहिते. अक्षर वाकडं—
तिचा उजवा डोळा अजून निर्मळ. माझा उजवा सलतोय.
एकच फुंकर.
मी मागते की