सतरा नंबरची विहीर

६ मे १९७४, हिंगोली
नरसीच्या बाजूच्या नऊ विहिरी झाल्या. चोवीसपैकी नऊ. भूगोलाच्या एम.ए.चा प्रबंध माझा, पण टाचा आत्याच्याही फुटल्या. दादांनी मला एकटीला सोडलं नाही, आपली बहीण सोबत दिली. चार दिवसांत टेप सोडायला शिकली. टोकाच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा, कठड्यावरच्या खुणेशी टेप धरून खाली सोडायचा, वर काढून ओला झालेला भाग वजा करायचा. उरलं ते पाण्यापर्यंतचं अंतर. सगळं दोनदा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.
आज एका विहिरीवर तिसऱ्यांदा सोडला तर आत्या म्हणे, "विहीर कुटं पळून चालली का शकू?"
औरंगाबादला सर म्हणाले होते, "मुलींनी लोकसंख्येवर लिहावं, घरबसल्या होतं." दादा रात्रंदिवस जिनिंगमध्ये गाठी वाहतात ते मी घरी बसावं म्हणून नाही.

११ मे, गोरेगाव
आत्याच्या नणंदेकडे मुक्काम. पहाटेच विहिरीवर, कारण इंजिन सुरू झालं की पाणी उतरतं आणि आकडा खोटा येतो. मळेवाल्याला आधी वाटलं आम्ही सरकारी वसुलीचे. कळल्यावर त्याने इंजिन तासभर बंद ठेवलं. "बराबर घ्या बाई. पान्याचं खरं कळू द्या एकदा."
वि. १२ ते १६ झाल्या. उद्या अंग धुणार. मग खैरमाळ.

१४ मे, गोरेगाव
खैरमाळची गावविहीर म्हणजे वि. १७. माझ्या नकाशात सगळ्यात महत्त्वाची. गाव माथ्यावर, तिथून पाणी दोन्ही उतारांना वाटलं जातं. ती विहीर नसेल तर नकाशाच्या मधोमध भोक.
कठड्यावर एक म्हातारे बसलेले, सगळे त्यांना आबा म्हणत होते. आबांनी गाव विचारलं. बापाचं नाव विचारलं. मग आडनाव. सांगितलं.
टेपकडे बोट केलं. "हे पान्यात जातं?"
"व्हय. हातभर," आत्या म्हणाली.
"मंग न्हाई."
मी म्हटलं, स्टीलचा आहे, धुऊन आणलाय.
"टेपाचं न्हाई बोलून राहिलो मी."
मग उपकार केल्यासारखे म्हणाले, आमचा गडी दोरी सोडतो, तुमी लिहून घ्या. गड्याने दोरी सोडली, वर ओढून हाताने मोजली. "अठरा हात."
मी लिहून घेतलं. मान हलवून लिहून घेतलं!

१५ मे
खोडला तो आकडा. अठरा हात म्हणजे कुणाचे हात? दोरी ताणून धरली की सैल? कठड्यापासून की जमिनीपासून? सबंध सकाळ आत्यावर चिडचिड.
"काल तूच मान डोलावली. आज माझ्यावर काहून तणतण?"
खरं आहे तिचं. आकड्याचं कारण पुढे करतेय. राग मान हलवल्याचा आहे.

१८ मे
तहसीलचं पत्र घेऊन परत खैरमाळ. आबांनी पत्र वाचून घेतलं, नीट घडी घालून परत दिलं. "पत्र बराबर हाय. पत्राला कोन न्हाई म्हनलं?"
विहिरीपासून दहा पावलांवर बसलो, दुपार टळेपर्यंत. पाण्याला आलेल्या बायका वळसा घालून गेल्या. एक सून थांबली, टेपकडे बघितलं, सासूने हाक मारली तशी गेली. पाणी कुणी विचारलं नाही. आमचं आम्ही नेलं होतं.
शेवटी बौद्धवाड्यातली कोंडाबाई आली. पन्नाशीची, शेतमजुरी करते. म्हणाली, "बाई, आमचं पानी आजवर कुनी मापलं न्हाई. ते मापता का?"
नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा. बायका आत उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. पाण्याची खोली चौदा सेंटिमीटर, दोनदा. गावविहिरीपासून तीनशे बारा पावलं, मीच चालून मोजली.
वहीत:
वि. १७ : मोजू दिली नाही. कारण, मोजणारीची जात.
वि. १७-अ : बौद्धवाड्याचा झिरा.

३ जुलै, औरंगाबाद
सरांनी वही चाळली. बाकी सगळं आवडलं. "खुणा, वेळा, इंजिन बंद असल्याची नोंद, असं काम मुलंसुद्धा करत नाहीत." मग सतरावर बोट थांबलं.
"शेऱ्यात नुसतं 'अनुपलब्ध' लिहा."
"उपलब्ध आहे सर. मला नाही."
म्हणाले, मग आजूबाजूच्या दोन विहिरींवरून अंदाज काढा आणि आकडा भरा, सगळे तेच करतात. मी म्हटलं, सगळ्यांना विहीर मोजू देतात.
सर वाईट नाहीत. टेप त्यांनीच स्वतःच्या सहीवर कॉलेजातून काढून दिला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पावसाळ्यानंतरची फेरी करा, मग बघू."

१९ ऑक्टोबर, गोरेगाव
आजच लिहिणार.
खैरमाळला पोचलो तेव्हा विहिरीवर आबा नव्हते. विचारायचं नाही असं वाटेतच ठरवलं होतं. खडू चोळला, टेप खुणेशी धरला. तेवढ्यात आबांचा पुतण्या धावत आला. "सोड तो!" त्याने हिसका दिला, मीही सोडेना, आणि डबीसकट टेप निसटला. बुडुक. तीस मीटर, अख्खा, तळाला.
आत्याच पहिली हसली. "हातभर नको म्हनले. आता समदा गेला."
गाव जमलं. आबा आले. मी पदर खोचला. "कॉलेजचा टेप आहे. काढून द्या, नाहीतर मी उतरते."
गावाला मला उतरू देता येईना, टेप आत ठेवता येईना. बराच वेळ एकमेकांत कुजबुज. मग बादल्या काढायचा गळ आणला. पुतण्यालाच दोरी धरावी लागली. अर्धा तास चाचपडल्यावर टेप वर आला, त्याने तो माझ्या पायाशी आपटला.
पदराने पुसला. खडू चोळताना मोडला. तुकड्याने चोळला आणि तिथल्या तिथे परत विहिरीत सोडला.
गलका झाला. आत्या मध्ये उभी राहिली. "आता काय राखून राहिले रे? पानी व्हतं तसंच हाय!" कुणीतरी तिला ढकललं. ती पडली, कोपर सोलून निघालं. मी वाचत होते. चार मीटर सदतीस. टेप गुंडाळायला लागले तर खाली पडल्या पडल्या आत्या ओरडली, "दोनदा शकू, दोनदा!"
दुसऱ्यांदा चार अडतीस. एका सेंटिमीटरचा फरक. चालतो.
निघताना पाठीत ढेकूळ बसलं. वळून बघितलं नाही.
नाल्यात पाणी, झिरा त्याखाली गेलेला. बौद्धवाडा ते गढूळच गाळून पितो.

५ नोव्हेंबर, हिंगोली
बाजारात कोंडाबाई भेटली. टोपली रिकामी. बौद्धवाड्यातल्या कुणालाच कापूस वेचायला बोलवेनात, पंधरा दिवस झाले.
म्हटलं, मी उद्याच पोलिसात जाते.
"तकरार करायची का न्हाई ते आमी ठरवू. तू मापून निघून आलीस. आमी तिथंच हाव."
ऐकून घेतलं. जाताना कोंडाबाई परत फिरली. "पन लिवलंय ते खोडू नको. आमाला तकलीफ झाली ती झाली. खोडलं तर फुकटच झाली."

१२ डिसेंबर, औरंगाबाद
प्रबंध टाइप झाला. टाइपिस्टने सतरासमोरची ओळ परस्पर गाळली होती. म्हणे चुकून आली असेल. समोर बसून पान परत टाइप करून घेतलं.
सर: "हा शेरा राहिला तर बाहेरचे परीक्षक काय म्हणतील सांगता येत नाही. ऑक्टोबरचा आकडा मिळालाय ना? मग मे महिन्याचं कशाला?"
"मे महिन्यात नाही मिळाला म्हणून."
"पहिला वर्ग जाईल तुझा." पहिल्यांदाच अगंतुगं केलं, बापासारखं. ते जास्त लागलं.
सरांनी सही केली नाही. प्रबंध ठेवून घेतला. "विचार करतो. कळवतो."

९ जानेवारी १९७५, हिंगोली
सरांचं पत्र नाही. दादा रोज पोस्टमनला विचारतात.
आज कोंडाबाई आणि वाड्यातले दोघे घरी आले. दोघांना कनेरगाव नाक्याकडे खडी फोडायचं काम मिळालंय, तिथूनच परस्पर आले. बौद्धवाड्यात वेगळी विहीर मिळावी म्हणून तहसीलात अर्ज केलाय. साहेब म्हणाला, गावात विहीर असताना दुसरी कशाला? पाणी मिळत नाही याचा कागद आणा.
मी सांगितलं, माझा प्रबंध अजून पास नाही, सही नाही, शिक्का नाही.
"मापलं तर तूच ना?" कोंडाबाई म्हणाली.
मग बसून लिहिलं. झिऱ्याची खोली, मे महिन्याची. कसं मोजलं, किती वेळा. अंतर, पावलांत. गावविहीर मे महिन्यात का मोजता आली नाही ते जसंच्या तसं. ऑक्टोबरचे दोन्ही आकडे. आत्याने साक्षीदार म्हणून अंगठा दिला.
सही केली. त्या दोघांतला धाकटा म्हणाला, खाली हुद्दा लागतो, त्याबिगर साहेब घेत नाही. मग नावाखाली लिहिलं : पाणी मोजणारी.
कोंडाबाईने कागद पदरात बांधला. उंबऱ्यात थांबून विचारलं, "येवढ्यानं व्हईल का गं?"
माहीत नाही म्हटलं. साहेब बुधवारी बसतो. मीही जाणार आहे, टेप घेऊन.