अण्णा कूस बदलत नाहीत

अहिल्यानगर,
रविवार

प्रिय जयमालाताईंना माधुरीचा सप्रेम जयभीम.

राजूरला थंडी वाढली असेल, गुडघे सांभाळा. इकडे आम्ही सगळे मजेत (अण्णा सोडून आणि मी सोडून, म्हणजे तुमचे बंधू नितीनच). फोन केला की तुमचे वडील पलंगावरून कान लावून ऐकतात, म्हणून हे पत्र.

अंगावरून वारं गेल्यापासून अण्णा दवाखान्यात पडून आहेत, हे तुम्हाला ठाऊकच. परवा मोनिका सिस्टरना त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. (मला वाटलं, ढेकूण चावला.) त्या म्हणाल्या, भार एकाच जागी राहिला तर इथं जखम होईल, आणि ती भरायला महिने जातील. दर दोन तासांनी कूस बदला, कातडी कोरडी ठेवा, खाली हवेची गादी घाला. मी डाग चोळायला तेल काढलं, तर "चोळलं की कातडी फाटते" म्हणत सिस्टरनी बाटलीच काढून घेतली.

विजेच्या पंपावर फुगणारी गादी आली, आणि पाठोपाठ बेलापूरहून टेम्पोभर माणसं घेऊन भीमराजकाका आले. त्यांचा मोबाईल उतरलेला. त्यांनी दिसला तो प्लग उपसला, आपला चार्जर खोचला आणि चौकशीला बसले. अण्णा हळूहळू खाली चालले. "रंभाजी लई खंगला रं," काका अण्णांकडे बघून डोळे पुसत म्हणाले, "पार दिसंना झालाय!" (खंगले नव्हते. गादीतली हवा जात होती.)

गादी पुन्हा फुगली, पण अण्णा भिंतीकडे वळेनात. "दाराकडं पाठ करून निजू व्हय? आल्या-गेल्यानं काय म्हनावं?" मी भिंत आणि पलंगाच्या फटीत स्टूल घालून बसले, म्हटलं, माझ्याकडे बघा. तर म्हणे, "तू काय पाव्हनी हायेस?"

तरी दाराकडच्या कुशीवर राहतात, तेवढ्यानंही डाग आज फिका दिसला. तेव्हा काळजी नको, रजा टाकून धावत येऊ नका.

तुमची,
माधुरी

ता.क. वरचं शेवटचं वाक्य वाचू नका. आज दाढी करताना अण्णा हळूच म्हणाले, "जयमाला दारातनं आत आली अन् आधी माझी पाठच दिसली, तर पोरीला काय वाटंल गं?"

आणखी एक ता.क. शनिवारी याच. दारात थांबू नका, सरळ त्या फटीतल्या स्टुलावर जाऊन बसा. ते तुमच्याकडे वळतील, आणि तुम्ही बोलत राहा. मागून मी त्यांची पाठ नीट बघून घेईन.