कसर आणि टास्मानियाचा लांडगा: एक तुलना

६ ऑक्टोबर १९५६, सकाळी ७
लोकरीच्या कपड्याला भोक पडते आणि जवळच पिवळट पतंग सापडतो. पण त्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते! मग खाल्ले कोणी? उत्तर: त्याच्या अळीने, म्हणजेच कसरीने.
पुढच्या महिन्यात आमचे राज्य नव्या प्रदेशात विलीन होणार. वीस तारखेला भोपाळचे साहेब तिकडे घ्यायच्या नोकरांची यादी न्यायला आमच्या म्युझियममध्ये येणार. त्यांच्यासमोर व्याख्यान देईन: कसर आणि टास्मानियाचा पट्टेवाला लांडगा. पहिली घरोघरी, दुसरा पोटाला पिशवी असलेला, जगातून नामशेष, आमच्या काचेच्या कपाटात पेंढा भरून उभा. बढती निश्चित.

९ ऑक्टोबर
लांडग्याच्या कानाला कसर! चौकीदार उमाजीच्या काळ्या घोंगडीतून आली, हे उघड आहे. उमाजी म्हणतो, घोंगडी चौकीत असते आणि कपाटाची किल्ली तुमच्या जानव्याला. मग कसर काय परवाना काढून आत गेली, साहेब? उर्मटपणा. यादीत शेरा लिहिला: निष्काळजी, घेऊ नये. बावीस वर्षांची नोकरी आहे म्हणे. शास्त्रात वशिला नसतो.

१४ ऑक्टोबर, दसरा
दरबारी लाल बनातीचा, उंची लोकरी कापडाचा अंगरखा वर्षाने बाहेर काढला. लांडग्यामागेच ठेवतो. कुलूप, सावली, सरकारी पहारा. याहून सुरक्षित जागा कोणती? बाड्यावर, शहरातल्या मोठ्या चौकात, आमची पत्नी वनमाला कुजबुजली, अहो, पाठीतून सदरा दिसतोय. शेजारचे तात्यासाहेब मोठ्याने म्हणाले, विलीनीकरण पाठीकडून सुरू झालं वाटतं! सगळे हसले. जुने कापड विरतेच.

१७ ऑक्टोबर, दुपारी
कसरीच्या विष्ठेला खाल्लेल्या कापडाचा रंग येतो. प्रात्यक्षिकासाठी कपाटाच्या तळाची धूळ कागदावर घेतली. काळे कण अपेक्षित. निघाले लाल. उजेड कमी असावा. व्हरांड्यात नेले. लाल. भिंगातून पाहिले. लाल.
संकल्प: उद्या शेरा खोडणे.

१८ ऑक्टोबर
खोडायचे तर कारण द्यावे लागेल. तीन मसुदे केले. 'सरकारी कपाटात खासगी अंगरखा' हे वाक्य कसेही बांधले तरी शोभत नाही. परवा व्याख्यानातच सांगेन. जाहीर कबुलीला प्रतिष्ठा असते.

२० ऑक्टोबर, सायंकाळी
व्याख्यान उत्तम झाले. पतंगीण पन्नास अंडी टाकून निघून जाते. लांडगीण तीन-चार पिल्ले पिशवीत वागवी. जपणारीच संपली, असे म्हणालो. पुढचे पान कबुलीचे होते. दोन पाने एकदम उलटली.
साहेबांनी यादी बॅगेत घातली. दाराशी उभ्या उमाजीने मला विचारले, साहेब, आता कपाटात ठेवायला नीमचा पाला तुम्हाला कोण आणून देईल? मी पाणी मागितले. त्यानेच आणून दिले.
येथे तरी लिहितो. घरात कसर लागली, तर कोणाचे नाव घेण्यापूर्वी तळाची धूळ पांढऱ्या कागदावर घ्यावी, उन्हात धरावी, आणि तो रंग आधी स्वतःच्या कपड्यांत शोधावा.